एका आळीत तीन झेंडे

अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल लागला की आपल्याकडच्या वाहिन्यांवरही तो लाल-निळा नकाशा झळकतो. मग तक्ते येतात. गोऱ्यांनी कोणाला मतं दिली, काळ्यांनी कोणाला, स्पॅनिश बोलणाऱ्यांनी कोणाला. ते पाहून आपल्याकडचा माणूस म्हणतो, "म्हणजे तिकडेही जातच आहे की!" म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण वंश कळला की मत कळलं, जात कळली की पक्ष कळला, इतकं सरळ हे गणित आहे का? मी उरण तालुक्यातला, आगरी घरातला. हे गणित माझ्यासमोर अनेकदा मांडलं गेलं आणि तितक्याच वेळा फिसकटलं. म्हणून अमेरिकेत जाण्याआधी थोडं उरणला येऊ या.

आगर म्हणजे मिठागर, खाऱ्या जमिनीतली शेती. ती कसणारा तो आगरी. शेजारी खाडीवर जगणारा कोळी, कराडी समाजाची गावं, डोंगराकडच्या वाड्यांवर कातकरी. आमची बोली वेगळी, लग्नातले धवले वेगळे, कार्ल्याची एकवीरा आगऱ्यांची आणि कोळ्यांचीही. इतकं सगळं सामाईक असलेल्या समाजाचा राजकीय पक्षही एकच असणार, असं बाहेरच्याला वाटतं. बरीच वर्षं तो होताही. त्याचं नाव शेतकरी कामगार पक्ष.

पण तो एक का होता, हे पाहायला हवं. जुन्या कुलाबा जिल्ह्यात जमीन खोताची आणि राबणारा कूळ. खोत-सावकार बहुतेक वरच्या जातींचे, कुळं बहुतेक आगरी-कुणबी. म्हणजे जातीची रेघ आणि पोटाची रेघ एकाच बांधावरून जात होती. १९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची शेती कसायचं थांबवलं. तो संप १९३९ पर्यंत, जवळजवळ सहा वर्षं चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या कुळांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडलं. शेकापची मुळं या मातीत आहेत. लोक त्या पक्षामागे गेले ते पुढारी आगरी होता म्हणून, हे अर्धंच खरं. त्यांच्या दारातला प्रश्न त्या पक्षानं हातात घेतला होता, हे उरलेलं अर्धं.

पुढे खोत गेला आणि समोर सरकार आलं. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. जासईचे दि. बा. पाटील या लढ्याचे नेते. १६ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी पागोट्याला पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या आंदोलनातूनच संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व पुढे आलं.

इथून गोष्ट बदलली, आणि माझ्या मते हीच त्यातली महत्त्वाची जागा आहे. भूखंड आला तसा पैसा आला. १९८९ मध्ये न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं. कंटेनरची गोदामं, वाहतूक, ठेके आले. एकाच भावकीत एक भाऊ ठेकेदार, दुसरा त्याच्याच गोदामात कंत्राटी कामगार आणि तिसरा भूखंड विकून मोकळा, अशी घरं मी पाहिली आहेत. जात तीच राहिली, पण पोटाची रेघ आता घराच्या मधून जाऊ लागली. मग पक्ष तरी एक कसा राहणार? खुद्द दि. बा. उत्तरायुष्यात शेकाप सोडून शिवसेनेत गेले.

उरण हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ झाल्यावर २००९ मध्ये शेकापचे विवेक पाटील निवडून आले. २०१४ मध्ये शिवसेनेच्या मनोहर भोईर यांनी त्यांना हजाराहूनही कमी मतांनी हरवलं. २०१९ मध्ये त्या दोघांनाही मागे टाकून भाजपचे बंडखोर, अपक्ष उभे राहिलेले महेश बालदी जिंकले. बालदी आगरी-कोळी समाजाबाहेरचे. २०२४ मध्ये भाजपच्या चिन्हावर ते पुन्हा जिंकले. शेकापचे प्रीतम म्हात्रे दुसरे, ठाकरे गटाचे भोईर तिसरे. यावर नाक्यावरचं ठरलेलं भाष्य असं, की आगरी मतं फुटली म्हणून बाहेरचा आला. दोघांची मतं जोडली तर ती जास्त भरतात, हे खरं. पण त्यात असं गृहीत धरलेलं असतं की बालदींना आगऱ्यांनी मत दिलंच नाही. उरणच्या गावागावांतली वस्ती ज्याला ठाऊक आहे, त्याला हे पटणार नाही.

याच समाजाचं दुसरं चित्र २०२१ चं. नवी मुंबईच्या विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचं नाव देण्याचा ठराव सिडकोनं केला आणि दि. बां.च्या नावासाठी भूमिपुत्र रस्त्यावर आले. १० जूनला मानवी साखळी झाली. २४ जूनला, दि. बां.च्या स्मृतिदिनी, बेलापूरच्या सिडको भवनावर मोठा मोर्चा गेला. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे त्यात एका रांगेत होते. शिवसेनेच्या स्थानिक कार्यकर्त्याची तर पंचाईतच झाली. एकीकडे पक्षाचं दैवत, दुसरीकडे आपल्या मातीतला माणूस! २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दि. बां.च्या नावाला मान्यता दिली. पुढच्या विधानसभा निवडणुकीत रांगेतली माणसं पुन्हा आपापल्या झेंड्याखाली गेली.

आता अमेरिकेचा नकाशा पाहा. गुलामगिरी संपवणारे लिंकन रिपब्लिकन पक्षाचे. त्यामुळे यादवी युद्धानंतर दक्षिणेतला गोरा मतदार पुढची जवळपास शंभर वर्षं डेमोक्रॅटिक पक्षाला चिकटून राहिला. १९६४ मध्ये डेमोक्रॅटिक अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी, जे स्वतः दक्षिणेकडच्या टेक्ससचे, काळ्यांना समान हक्क देणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर सही केली. त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्या कायद्याला विरोध करणारे रिपब्लिकन बॅरी गोल्डवॉटर देशभर आपटले, पण खोल दक्षिणेतली पाच राज्यं त्यांनी जिंकली. मतदाराचा रंग तोच, चर्च तेच, शेतंही तीच. त्याच्यापुढचा प्रश्न बदलला आणि पुढच्या काही दशकांत पक्षही बदलला. अलीकडचं उदाहरण टेक्ससच्याच सीमेवरच्या स्टार काउंटीचं. तिथली जवळजवळ सगळी वस्ती मेक्सिकन वंशाची. तिनं २०२४ मध्ये ट्रम्प यांना कौल दिला. १८९२ नंतर प्रथमच तिथे रिपब्लिकन उमेदवाराला बहुमत मिळालं. वंशाचा तक्ता पाहून ते कोणाला सांगता आलं असतं?

एक फरक मात्र मोठा आहे. अमेरिकेत खऱ्या अर्थानं पक्ष दोनच. त्यामुळे वंश, धर्म, शहर की खेडं, शिक्षण किती, अशा सगळ्या रेघा हळूहळू एकावर एक येऊन बसतात आणि पलीकडचा माणूस सर्वच बाबतींत परका वाटू लागतो. आमच्याकडे एका आळीत तीन झेंडे असतात, पण हळद एकाच मांडवात लागते. उरणात पुढारी सभेपेक्षा हळदीत जास्त भेटतो. त्याची थट्टा होते, मीही करतो. पण तिथे तीन पक्षांची माणसं एका पंगतीला बसतात, हेही खरंच आहे.

या एकोप्याचं मला अप्रूप आहे, पण त्याच्या कडेला कोण उभं आहे तेही सांगायला हवं. 'भूमिपुत्र' हा शब्द आम्ही अभिमानानं वापरतो. साडेबारा टक्क्यांचा पाया मात्र सातबारा होता. ज्याचं शेत म्हणजे खाडी, त्या कोळ्याचा सातबारा कुठला? बंदरासाठी शेव्याचा कोळीवाडा उठला. त्यातून वसलेल्या हनुमान कोळीवाड्याला पुढे घरांना लागलेल्या वाळवीशी झगडावं लागलं. उरणच्या पारंपरिक मच्छीमारांनी खाडीतल्या भरावाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २०१५ मध्ये लवादानं १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. विमानतळाच्या नावासाठी जमलेल्या गर्दीच्या मानानं त्या दाव्याच्या तारखांना किती झेंडे दिसले, हा प्रश्न आम्ही आगऱ्यांनी आधी स्वतःला विचारायचा आहे. आणि डोंगराकडच्या कातकऱ्याचं नाव तर आमच्या पक्षांच्या भांडणातही कुणी फारसं घेत नाही.