विशारद झाली, आता पुढे?

खांडबाऱ्याच्या फलाटावर तबल्याची जोड घेऊन कुणी पोरगा उभा दिसला, की त्याला हमखास विचारतात, "भजन कुठं आहे आज?" कपडे जरा बरे असले तर "लग्नाची ऑर्डर का?" मैफल हे उत्तर कुणाला सुचत नाही, आणि त्यात गावाचा काही दोष नाही. सुरत-भुसावळ लाईनीवरचं, नवापूर तालुक्यातलं हे गाव. मावची, अहिराणी, गुजराती, मराठी अशा चार बोली एकाच दुकानात ऐकाव्यात, अशी इथली वस्ती. गाणं भरपूर, पण ख्याल ऐकायचा तर गाडी धरावी लागते.

मीही भजनी मंडळाच्या पेटीवरच सा शोधायला शिकलो. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा असं करत विशारदपर्यंत गेलो, आणि खराखुरा जुळलेला तानपुरा पहिल्यांदा शेजारी वाजला तो थेट परीक्षेच्या दिवशी. तोवर पेटी, नाहीतर डबीतला इलेक्ट्रॉनिक तानपुरा. परीक्षेच्या खोलीत एक मुलगी तानपुरा लावत होती. घोडीवर तारेखाली सुती दोऱ्याचा बारीक तुकडा होता. तो तिनं नखानं किंचित पुढे सरकवला आणि इतका वेळ मुकी असलेली तार एकदम बोलायला लागली. तारेची ही गुंज म्हणजेच जवारी. तिची व्याख्या मी वहीत व्यवस्थित लिहून काढली होती. ऐकली मात्र तेव्हा. आणि त्याच क्षणी कळलं, की पेटीवर घोटलेला माझा सा या तारेच्या सा-शी नीट मिळत नाही. यमन आठ-दहा मिनिटांत आटोपला, परीक्षकांनी "पुरे" म्हटलं, प्रथम श्रेणी मिळाली. सा चुकतोय हे कुणीच बोललं नाही. ते प्रमाणपत्र अजून भिंतीवर आहे.

परीक्षांना नावं ठेवायची नाहीत. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी 1931 मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारलं. घराण्याबाहेरच्या, नात्यागोत्याबाहेरच्या मुलामुलींना गाणं खुलं झालं ते या व्यवस्थेमुळे. खांडबाऱ्यासारख्या ठिकाणच्या मुलीलाही अभ्यासक्रम ठाऊक असतो, याचं श्रेय तिलाच. पण परीक्षा काय येतं ते विचारते. तासभर लोकांसमोर बसून एक राग कसा मांडायचा, तबलजीशी काय बोलायचं, आवाज बसला तर काय करायचं, हे तिच्या कक्षेत येत नाही. विशारद आणि पहिली स्वतंत्र मैफल यांच्यामध्ये पाच-सात वर्षांचा जो ओसाड पट्टा लागतो, त्यात माणसाला रोज कुणातरी जाणत्याच्या कानांवर पडावं लागतं. माझ्या मते नव्या कलाकाराची पाठराखण ती एवढीच, आणि तीच सगळ्यात दुर्मीळ.

अशी पाठराखण लाभलेल्याचं उदाहरण जवळच आहे. आमच्या लाईनीच्या सुरतकडच्या टोकाला, तापीच्याच खोऱ्यात, कठोर नावाचं गाव आहे. पूर्वी ते बडोदे संस्थानात होतं. 1869 साली तिथे भास्करबुवा बखले जन्मले. गरिबाघरचा मुलगा, गळा मात्र असा की किर्लोस्कर नाटकमंडळीनं उचलला. इंदूरच्या मुक्कामात बीनकार बंदे अली खाँनी त्याचं गाणं ऐकून आपण होऊन शिष्य म्हणून गंडा बांधला. पुढे वयात येताना आवाज फुटला आणि नाटकमंडळीतली किंमत रातोरात उतरली. अशा वळणावर आजची मुलं गाणं सोडून डी.एड.ला जातात. हा मुलगा बडोद्याला फैज महंमद खाँकडे गेला. ग्वाल्हेरची बैठक तिथे मिळाली, मग आग्र्याचे नत्थन खाँ, आणि त्यानंतर, स्वतः नावारूपाला आल्यावरही, अल्लादिया खाँ. तीन घराण्यांची तालीम. एका गुरूला दुसऱ्याकडे शिकलेलं खपायचं नाही, असा तो काळ.

बुवांनी ही शिदोरी स्वतःपुरती ठेवली नाही. 1911 मध्ये पुण्यात त्यांनी संस्था काढली. ती आज भारत गायन समाज म्हणून ओळखली जाते. 1916 च्या 'स्वयंवर' नाटकाच्या चाली त्यांच्या. बालगंधर्व त्यांच्या तालमीत वाढले. कृष्णा फुलंब्रीकर नावाचा आळंदीचा मुलगा त्यांच्यापाशी राहिला, तो पुढे मास्टर कृष्णराव झाला: गंधर्व मंडळीच्या नाटकांना आणि मग प्रभातच्या 'माणूस', 'शेजारी' या चित्रपटांना संगीत देणारा. संगीतकार वर्गात तयार होत नाही. गुरू चाल बांधताना तिथे बसायचं, सकाळी बसवलेलं पद रात्री पिटातल्या माणसाच्या अंगावर कसं जातं ते विंगेतून पाहायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटी उघडायची. नाटकमंडळी ही त्या अर्थानं कार्यशाळाच होती, फक्त तिथे जेवणही मिळायचं. तिच्या जागी आपण काय आणलं? रिअॅलिटी शो. तिथे नव्वद सेकंदांत टाळी वसूल व्हावी लागते, आणि चाल तर दुसऱ्याचीच असते.

नाटकमंडळी गेल्यावरही बंदिशकार घडत राहिले, ते गुरुघरी. 'गुणीदास' या नावानं बंदिशी बांधणारे जगन्नाथबुवा पुरोहित हे सी. आर. व्यास आणि जितेंद्र अभिषेकी या दोघांचेही गुरू. व्यासांनी 'गुणिजान' या नावानं बंदिशींचं भांडार उभं केलं. अभिषेकीबुवांनी 1964 मध्ये 'मत्स्यगंधा'पासून नाट्यसंगीताला नवं वळण दिलं. एकाच तालमीतून दोन वाटा.

स्त्रियांची वाट जास्त खडतर होती. मोगूबाई कुर्डीकर नाटकमंडळीतून बाहेर पडल्यावर सांगलीत एकट्याच रियाज करत असायच्या. तो रियाज अल्लादिया खाँच्या कानावर पडला आणि ते शिकवायला आले. खाँसाहेब मुंबईला गेल्यावर बाईही मुंबईला गेल्या. प्रतिभा असली की वाट सापडते, असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: मुळात शेजारी अल्लादिया खाँ राहत असावे लागतात.

भीमसेन जोशी 1933 साली अकराव्या वर्षी घरातून पळाले आणि गुरू शोधत थेट जालंधरपर्यंत पोचले. तिथे विनायकबुवा पटवर्धनांनी सांगितलं, तुझ्या घराजवळच कुंदगोळला सवाई गंधर्व आहेत, तिकडे जा. मला या गोष्टीत पळण्यापेक्षा विनायकबुवांचं वाक्य मोठं वाटतं. स्वतःकडे ठेवून न घेता योग्य दारात पाठवणं, हेही मार्गदर्शनच. प्रो. देवधरांनी दुसऱ्या टोकाची गोष्ट केली. 1936 साली मुंबईच्या जिना हॉलमधल्या परिषदेत अकरा वर्षांच्या कुमार गंधर्वांनी सभा जिंकली. त्यानंतरही देवधरांनी त्या मुलाला वर्षानुवर्षं आपल्या संगीत विद्यालयात ठेवून नाना घराण्यांचं ऐकवलं. टाळ्या पडून गेल्यावर शिकवणं हे जास्त अवघड काम.

आता सरकारकडे बघू. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची 18 ते 25 वयाच्या कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे: महिना 5,000 रुपये, दोन वर्षं. मंत्रालयाच्या अर्जाबरोबर गुरूचं नाव लागतं. मोठ्या शहरात त्या रकमेत खोलीचं भाडंही निघणार नाही. पण खांडबाऱ्याहून आठवड्याला गाडीनं शिकायला जाणाऱ्याला तिचा फार आधार होईल. आकाशवाणी 16 ते 24 वयाची स्पर्धा घेते, स्वरचाचणीनंतर श्रेणी देते. चाळिशीच्या आतल्यांसाठी संगीत नाटक अकादमीचा बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार 2006 पासून आहे. पैशाच्या योजना आहेत, कान पुरवणारी योजना नाही.

खानदेशात जळगावनं हे थोडंफार जाणलंय. बालगंधर्व लहानपणी तिथेच मेहबूब खाँकडे शिकले, आणि त्यांच्या नावाचा महोत्सव वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठान तिथे भरवतं. आमच्या लाईनीचं हे पश्चिमेकडचं टोक मात्र कोरडंच.

कोरडं म्हणताना जीभ चावावीशी वाटते. कारण या पट्ट्यात पावरी वाजते. वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या आणि पुढे शिंग. मिरजेच्या तानपुऱ्याचा भोपळाही शेतातच पिकतो, पंढरपूरकडे. त्या तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. संतूरही काश्मीरचं लोकवाद्यच होतं. 1955 साली मुंबईच्या हरिदास संमेलनात कोवळ्या शिवकुमार शर्मांनी ते वाजवलं, तेव्हा यावर मींड निघत नाही म्हणून नाकं मुरडली गेली. वडील पाठीशी होते, व्यासपीठ मिळालं होतं, आणि शर्मांनी वाद्य बदलत नेलं. पावरीचं तसं व्हावंच असा माझा आग्रह नाही. तिला तिचं रान आहे. पण पावरी वाजवणाऱ्या घरातल्या पोराचा दमसास ऐकून "बासरी धरतोस का?" असं विचारणारा कुणी गावात असायला हवा.

नवापूर, नंदुरबारकडे दिवाळी पहाट करणाऱ्या मंडळांना म्हणून एक विनंती. शहरातून बोलावलेला कलाकार गाईलच. त्याच्या आधीचा अर्धा तास परिसरातल्या एखाद्या विशारद झालेल्या मुलीला द्या. खरा तानपुरा आणि बरा तबलजी द्या, आणि त्या पाहुण्या कलाकाराला तो अर्धा तास समोर बसवून नंतर तिच्याशी चार शब्द बोलायला सांगा. मानधन जमेल तसं. परतीच्या गाडीचं तिकीट मात्र पाकिटात आधी घाला.