भिंगातला शेजारधर्म

आजोबांचा मोतीबिंदू आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. पण नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांतही मोतीबिंदू असू शकतो, असे कोणी सांगितले तर? नवल वाटेल, परंतु ते खरे आहे. याचे कारण शोधू गेलेल्या शास्त्रज्ञांना भिंगाच्या अंतरंगात एक विलक्षण शेजारधर्म नांदताना दिसला.

गर्भ चारपाच आठवड्यांचा होतो न होतो तोच त्याच्या बाह्य थराचा एक इवलासा भाग आत वळतो व त्याची पोकळ कुपी बनते. मागच्या बाजूच्या पेशी लांबत जाऊन ही पोकळी भरून काढतात. पुढे काठावरच्या पेशी थरावर थर चढवीत राहतात, ते थेट म्हातारपणापर्यंत! जुनी पेशी मात्र कधीच टाकली जात नाही. तुमच्या भिंगाच्या गाभ्यात आजही तुमच्या जन्माआधीच्या पेशी आहेत.

प्रकाशाला अडथळा नको म्हणून या पेशी आपले केंद्रदेखील टाकून देतात. भिंगात रक्तवाहिनीही नाही. मग आतल्या पेशींनी जगावे कसे? शेजाऱ्यांच्या आधाराने! पेशीच्या आवरणात कोनेक्झिन नावाची प्रथिने असतात. एका पेशीची सहा व शेजारणीची सहा समोरासमोर जुळली, की आरपार नळी तयार होते. दोन बिऱ्हाडांमधल्या खिडकीतून वाटीभर साखर द्यावी-घ्यावी, तशी या नळीतून क्षारांची व लहानसहान रेणूंची देवघेव चालते. लांबट पेशींत कोनेक्झिनचे ४६ आणि ५० असे दोन प्रकार आढळतात. जोडीला अॅक्वापोरिन-० हे प्रथिन पाण्याची ये-जा सांभाळते आणि पेशींना एकमेकींशी घट्ट धरूनही ठेवते.

ही खिडकी बिघडली तर? १९६३ साली रेनविक आणि लॉलर यांनी पिढ्यान्‌पिढ्या जन्मजात मोतीबिंदू असलेल्या एका कुटुंबाविषयी लिहिले. तो दोष डफी नावाच्या रक्तगटाच्या सोबतीने वारशात उतरत होता. एवढ्या धाग्यावरून प्रत्यक्ष दोष सापडायला १९९८ साल उजाडले. कोनेक्झिन-५० मधील ८८ व्या जागेवर प्रोलीनऐवजी सेरीन बसले होते. केवळ एक मणी बदलला, आणि पिढ्यांची दृष्टी धूसर झाली! हेच प्रथिन नसलेल्या उंदरांचे भिंगही लहान राहिले व गढूळ झाले.

सर्वच जन्मजात मोतीबिंदूंचे कारण हे नसते; पण आईबापांनी ध्यानात ठेवायची गोष्ट एकच. बाळाच्या बाहुलीत पांढुरकी झाक दिसली, तर "जरा मोठे होऊ दे, मग पाहू" असे म्हणू नका. डोळ्यांबरोबर मेंदूही पाहायला शिकत असतो. दाट मोतीबिंदू असेल, तर पहिल्या एकदोन महिन्यांतच शस्त्रक्रिया करणे हिताचे असते. शिकण्याचा हा काळ निसटला, तर पुढे भिंग बदलूनही दृष्टी पुरती येत नाही.

यंदा मांडीवरचे बाळ पणतीकडे टक लावून पाहील, तेव्हा त्याच्या भिंगातल्या त्या मूक शेजाऱ्यांची आठवण जरूर ठेवा.