लग्न खोटं, नवरा खोटा, पण प्रेम? ‘द अमेरिकन्स’मधल्या मार्थाचा निरोप आणि खऱ्याखुऱ्या ‘रोमिओ’ हेरांची गोष्ट

आडबाजूला उभं असलेलं एक छोटंसं विमान. एक बाई त्यात चढते. तिला निरोप द्यायला आलेला पुरुष खालीच थांबतो. दोघांमध्ये जवळपास काहीच बोलणं होत नाही. विमान उडतं आणि ती बाई आपला देश, आपले आईवडील, आपलं घर कायमचं सोडून जाते.

‘द अमेरिकन्स’ या अमेरिकन मालिकेच्या चौथ्या सीझनमधला आठवा भाग असा सुरू होतो. तो ४ मे २०१६ रोजी प्रसारित झाला. हेरगिरीच्या मालिकांमधल्या सर्वांत चटका लावणाऱ्या निरोपांची चर्चा निघाली की आजही या प्रसंगाचं नाव घेतलं जातं. पण ही गोष्ट फक्त पडद्यावरची नाही. शीतयुद्धाच्या काळात अशा अनेक ‘मार्था’ खरोखर होऊन गेल्या. त्यांच्यापैकी एकीने तर नवऱ्याचं सत्य कळल्यावर जीव दिला.

(मालिका अजून पाहिली नसेल, तर पुढे कथानक उघड होणार आहे, हे लक्षात घ्या.)

मालिका नेमकी कशाबद्दल आहे?

एफएक्स वाहिनीवर २०१३ ते २०१८ या काळात ‘द अमेरिकन्स’चे सहा सीझन झाले. काळ आहे १९८०च्या दशकातला. वॉशिंग्टनच्या उपनगरात राहणारं फिलिप आणि एलिझाबेथ जेनिंग्स हे चारचौघांसारखं जोडपं ट्रॅव्हल एजन्सी चालवतं. दोन मुलं, घर, गाडी सगळं आहे. प्रत्यक्षात दोघंही सोव्हिएत गुप्तचर संस्था केजीबीचे हेर आहेत आणि त्यांचं लग्नही संस्थेनेच जुळवलेलं आहे.

मालिकेचे निर्माते जो वाइसबर्ग हे स्वतः एकेकाळी सीआयएमध्ये होते. जून २०१० मध्ये एफबीआयने अमेरिकेत खोट्या ओळखीने राहणाऱ्या १० रशियन हेरांना पकडलं होतं. त्यात मुलंबाळं असलेली जोडपीही होती. मालिकेची कल्पना तिथूनच आली.

मार्था कोण होती?

मार्था हॅन्सन ही एफबीआयच्या हेरविरोधी विभागाच्या प्रमुखाची सेक्रेटरी. मोठा हुद्दा नाही, पण साहेबांच्या टेबलावरचा प्रत्येक कागद तिच्या हाताखालून जातो. केजीबीला नेमकं हेच हवं होतं.

फिलिप केसांचा टोप आणि चष्मा लावून ‘क्लार्क’ बनतो आणि तिच्या आयुष्यात शिरतो. आपण सरकारी अधिकारी आहोत, एफबीआयच्या अंतर्गत चौकशीचं काम करतो, म्हणून आपलं नातं गुप्त ठेवावं लागेल, असं तो तिला सांगतो. पहिल्या सीझनमध्ये दोघांचं रीतसर लग्नही होतं. या लग्नात नवऱ्याची ‘बहीण’ म्हणून मिरवणारी बाई म्हणजे त्याची खरी बायको एलिझाबेथ, आणि ‘आई’ म्हणून आलेली बाई केजीबीची वरिष्ठ अधिकारी!

नवऱ्याच्या सांगण्यावरून मार्था साहेबांच्या खोलीत पेनमध्ये लपवलेलं ध्वनिमुद्रण यंत्र ठेवते. ते सापडतं तेव्हा संशयाची सुई तिच्याकडे वळू लागते. तिला वाचवण्यासाठी फिलिप एफबीआयच्याच एका निरपराध कर्मचाऱ्याचा खून करतो आणि दोष त्याच्यावर ढकलतो. तेही पुरेसं ठरत नाही. त्या खुनाआधीच त्याने मार्थासमोर डोक्यावरचा टोप काढलेला असतो. तिने ज्याच्याशी लग्न केलं, तो माणूस अस्तित्वातच नसतो.

एफबीआय दारात येण्याआधी तिला देशाबाहेर काढणं हा एकच मार्ग उरतो. तो आपल्यासोबत येणार नाही, हेही तिला शेवटच्या क्षणी कळतं. प्रेक्षकांनी तिला ‘बिचारी मार्था’ असं नावच पाडलं होतं. ही भूमिका ॲलिसन राइट या अभिनेत्रीने केली आहे.

हा निरोप इतका का लागतो?

कारण यात प्रेम पूर्ण खोटं आहे, असं म्हणता येत नाही. फिलिपला तिच्याबद्दल खरीखुरी माया वाटू लागलेली असते. तिच्यासाठी तो वरिष्ठांशी भांडतो. एलिझाबेथलाही ते जाणवतं आणि लागतंही. पण दोघांनी भोगलेली किंमत सारखी नाही. फिलिप संध्याकाळी आपल्या बायकोमुलांकडे घरी परततो. मार्थाच्या वाट्याला मात्र अनोळखी शहर, अनोळखी भाषा आणि एकटेपण येतं. पाचव्या सीझनमध्ये ती मॉस्कोतल्या किराणा दुकानात एकटीच खरेदी करताना दिसते.

खरंच असे ‘रोमिओ’ हेर होते का?

होते, आणि तेही पद्धतशीर प्रशिक्षण देऊन तयार केलेले. या पद्धतीसाठी सर्वांत जास्त ओळखलं जातं ते पूर्व जर्मनीच्या श्टाझी या संस्थेला. तिच्या परदेशी हेरगिरी विभागाचे प्रमुख मार्कुस वोल्फ हे ३० वर्षांहून अधिक काळ त्या पदावर होते. पाश्चात्त्य संस्थांकडे बरीच वर्षं त्यांचा ओळख पटेल असा फोटोही नव्हता, म्हणून त्यांना ‘चेहरा नसलेला माणूस’ म्हटलं जायचं.

वोल्फ यांचं गणित साधं होतं. दुसऱ्या महायुद्धात लाखो पुरुष मारले गेले होते, त्यामुळे पश्चिम जर्मनीत एकट्या राहणाऱ्या महिलांची संख्या मोठी होती. राजधानी बॉनमधल्या मंत्रालयांत त्यातल्या अनेकजणी सेक्रेटरी म्हणून काम करत होत्या. मंत्र्याला फितवण्यापेक्षा त्याची पत्रं टाइप करणाऱ्या बाईचं मन जिंकणं सोपं, हा हिशेब.

वोल्फ यांनी आत्मचरित्रात सांगितलेला एक किस्सा तर मार्थाच्या लग्नाची आठवण करून देतो. नाटोच्या लष्करी मुख्यालयात काम करणाऱ्या एका श्रद्धाळू कॅथलिक महिलेच्या प्रियकराने आपण डेन्मार्कच्या गुप्तचर खात्यात असल्याचं तिला सांगितलं होतं. मन खाऊ लागलं तेव्हा तिने चर्चमध्ये जाऊन कबुलीजबाब देण्याचा हट्ट धरला. मग श्टाझीने काय केलं? चक्क एक खोटा धर्मगुरू उभा केला! त्याने तिचा कबुलीजबाब ऐकला आणि तिचं मन शांत केलं.

त्या महिलांचं पुढे काय झालं?

पश्चिम जर्मनीच्या परराष्ट्र मंत्रालयातली सेक्रेटरी लिओनोर हिने १९६० मध्ये हाइन्झ झ्यूटरलिन याच्याशी लग्न केलं. तो केजीबीचा हेर होता. नवऱ्यासाठी ती कित्येक वर्षं मंत्रालयातली कागदपत्रं घरी आणत राहिली. १९६७ मध्ये केजीबीचा एक अधिकारी फुटला आणि दोघं पकडले गेले. नवऱ्याने आपल्याशी लग्न केलं ते वरून आलेल्या आदेशामुळे, हे तिला चौकशीत कळलं. त्यानंतर तिने कोठडीतच गळफास घेतला.

गाब्रिएले गास्ट यांची गोष्ट वेगळी आहे. १९६८ मध्ये संशोधनासाठी पूर्व जर्मनीत गेलेल्या या विद्यार्थिनीची तिथे एका पुरुषाशी ओळख झाली आणि ती त्याच्या प्रेमात पडली. तो श्टाझीचा माणूस होता. पुढे १९७३ मध्ये गास्ट पश्चिम जर्मनीच्या गुप्तचर संस्थेत रुजू झाल्या आणि बढती मिळवत वरच्या पदावर पोहोचल्या. १९९० मध्ये, जर्मनीचं एकीकरण तोंडावर आलेलं असताना त्यांना अटक झाली. १९९१ मध्ये ६ वर्षं ९ महिन्यांची शिक्षा झाली.

म्हणजे पडद्यावरची मार्था निदान तुरुंगातून तरी वाचली. खऱ्या आयुष्यात फसवणूक झालेल्या महिलाच अनेकदा आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. कायद्याच्या दृष्टीने कागदपत्रं त्यांनी बाहेर नेली होती. त्यांच्या मनाशी कोण खेळलं, हा प्रश्न खटल्यात दुय्यम ठरला.

हे फक्त कम्युनिस्ट देशांतच घडलं का?

नाही. ब्रिटनमध्ये पोलिसांच्या गुप्त पथकांतले काही अधिकारी आंदोलकांच्या गटांत खोट्या नावाने शिरले आणि तिथल्या महिलांशी वर्षानुवर्षं संबंध ठेवून राहिले. काम संपलं की ते एक दिवस अचानक गायब व्हायचे. या महिलांनी न्यायालयात लढा दिला. नोव्हेंबर २०१५ मध्ये लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी सात महिलांची जाहीर माफी मागितली आणि हे संबंध फसवणुकीचे आणि अत्याचारी होते, हे मान्य केलं.

इथे मुद्दा संमतीचा येतो. समोरचा माणूस कोण आहे हेच माहीत नसेल, तर दिलेल्या होकाराला अर्थ काय उरतो? ‘द अमेरिकन्स’ हा प्रश्न कुठेही भाषण न देता प्रेक्षकांपुढे ठेवते.

याचा आपल्याशी काय संबंध?

आता विमान, टोप, खोटं लग्न यातलं काहीच लागत नाही. एक प्रोफाइल फोटो आणि मेसेज पुरतो. मे २०२३ मध्ये पुण्यातल्या डीआरडीओच्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला महाराष्ट्र एटीएसने अटक केली. सोशल मीडियावरून संपर्कात आलेल्या, महिला असल्याचं भासवणाऱ्या पाकिस्तानी हेराला संवेदनशील माहिती पुरवल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. या प्रकरणात पुरुष जाळ्यात सापडल्याचा आरोप आहे, म्हणजे हा सापळा फक्त बायकांसाठी असतो असंही नाही.

साधन बदललं तरी पद्धत तीच राहते. मार्थाच्या गोष्टीतच तिच्या पायऱ्या दिसतात:

• आधी तुमचा एकटेपणा हेरला जातो. तुमचं कुणी ऐकत नाही, ते समोरचा ऐकतो.

• नातं गुप्त ठेवायला सांगितलं जातं आणि त्याला पटेल असं कारणही दिलं जातं. त्यामुळे सावध करू शकणारी घरची माणसं आणि मित्र आपोआप दूर राहतात.

• पहिली मागणी अगदी किरकोळ असते. एखादं नाव, एखादा कागद, ऑफिसमधला एखादा फोटो.

• एकदा ते केलं की मागे फिरणं अवघड होतं, कारण आता तुम्हीही गुन्ह्यात सामील झालेले असता.

मार्था मूर्ख नव्हती. तिला शंका आल्या होत्या, तिने प्रश्नही विचारले होते. पण दर वेळी उत्तर देणारा माणूस तोच होता, ज्याच्यावर तिचा सर्वांत जास्त विश्वास होता. खातरजमा करायला दुसरं कुणी तिच्याजवळ उरलंच नव्हतं. त्यामुळे ‘हे कुणाला सांगू नकोस’ असं कुणी म्हणालं, तर ते निदान एका विश्वासू माणसाला आवर्जून सांगावं.