गोळ्या किती दिवस?

हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेला मनुष्य दोन-तीन महिन्यांनी आमच्याकडे येतो, तेव्हा त्याची प्रकृती बहुधा बरी असते. जिना चढताना दम लागत नाही, झोप येते, नोकरीही सुरू झालेली असते. खिशातून औषधांची चिठ्ठी काढून तो विचारतो, "डॉक्टरसाहेब, आता ह्या गोळ्या किती दिवस?" त्यांतल्या बऱ्याच जन्मभर घ्यावयाच्या, हे ऐकून त्याचा चेहरा उतरतो. काही जण मान डोलावून घरी जातात आणि महिन्याभरात गोळ्या सोडून देतात. गोळी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी काही दुखत नाही, आणि सारा घोटाळा येथेच आहे. दुखणे गेले की औषध बंद, हा आपला जुना हिशेब. तो खोकल्या-पडशाला ठीक; येथे तो अंगलट येतो.

लोक हृदयाच्या रोहिण्यांना नळाची उपमा देतात : नळ तुंबला, डॉक्टरांनी मोकळा केला, काम संपले! ही उपमा सोपी खरी, पण तिने फार नुकसान केले आहे. रोहिणीची भिंत सजीव असते. तिच्या अस्तराखाली वर्षानुवर्षे चरबीचे थर साठतात. एखाद्या थरावरचा पातळ पापुद्रा फाटतो, तेथे रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. फाटणारा थर मोठाच असतो असेही नाही. ज्याने कधी छातीत कळ आणली नाही, असा लहानसा थरही दगा देतो. 1977 साली झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनी हृदयाची अरुंद झालेली रोहिणी फुग्याने प्रथम रुंद केली; पुढे त्या जागी धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसवू लागले. उपाय मोठाच. परंतु स्टेंट एका जागेची सोय करतो. बाकीच्या रोहिण्या होत्या तशाच राहतात. त्यांची राखण गोळ्यांकडे असते.

पहिली गोळी गुठळी धरू न देणारी. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झटका आलेल्या सुमारे 17 हजार रुग्णांचा समावेश होता. महिनाभर ॲस्पिरिन घेणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू 23 टक्क्यांनी कमी झाले. स्टेंट बसवल्यावर ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर साधारण वर्षभर देतात. दात काढावयाचा म्हणून हे परस्पर बंद करणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. नव्या जाळीत गुठळी धरली म्हणजे काय होते, तेही पाहिले आहे. दंतवैद्याकडे जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे, एवढेच.

दुसरी गोळी स्टॅटिनची. तिचे मूळ गमतीचे आहे : जपानात अकिरा एंडो यांना 1970 नंतरच्या दशकात बुरशीपासून पहिले स्टॅटिन मिळाले. 1994 साली स्कँडिनेव्हियातील 4,444 हृद्रोग्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पाच वर्षांहून अधिक काळात नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी 12 टक्के दगावले, खरी घेणाऱ्यांपैकी 8. ही गोळी रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल उतरवते. झटक्यानंतर ते 70 च्या, जमल्यास 55 च्याही खाली ठेवतात. तपासणीत आकडा उतरलेला दिसला की लोक गोळी थांबवतात. अहो, तो आकडा गोळीनेच उतरलेला असतो! स्नायू फार दुखू लागले तर सांगावे. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते.

मात्र सर्वच गोळ्या जन्माच्या नसतात, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नाडी मंद ठेवणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या पूर्वी सरसकट चालू ठेवीत. ज्यांच्या हृदयाची आकुंचनशक्ती शाबूत आहे त्यांना त्यांचा स्पष्ट लाभ दिसला नाही, असा निष्कर्ष 2024 साली सुमारे पाच हजार रुग्णांच्या एका प्रयोगात निघाला. त्यावर अजून वाद चालू आहे. आपली गोळी कमी होईल का, हे अवश्य विचारावे. पण ही गोळी एकदम तोडू नये. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. हृदय अशक्त झालेल्यांना मात्र ती हवीच, आणि रक्तदाब व हृदयावरील ताण कमी करणाऱ्या गोळ्याही हव्यात.

घरच्या माणसांकडे वळू. एके काळी अशा रुग्णाला सहा-सहा आठवडे खाटेवर निजवीत. 1952 साली अमेरिकेत लेव्हिन व लाउन यांनी त्याला आरामखुर्चीत बसवण्याचा पुरस्कार केला, तेव्हा ते धाडस वाटले. आज बहुतेकांना दोन-तीन दिवसांत चालवतात. आमच्या घरांत मात्र खाट अजून गेलेली नाही. मुलगा पिशवी उचलू देत नाही, सून जिना चढू देत नाही. ही माया खरी, पण तिने मनुष्य मनाने आजारी राहतो. त्याला रोज चालू द्यावे. त्याची तंबाखू आणि विडी मात्र निर्दयपणे काढून घ्यावी. शेजारी अर्जुनाच्या सालीचा काढा सुचवतील. त्याच्या भरवशावर गोळ्या सोडू नयेत. सात खणांची डबी आणून रविवारी आठवड्याच्या गोळ्या भरून ठेवल्या, तर विसर पडत नाही. खर्चाची अडचण असेल तर संकोच न करता सांगावे. यांतील बरीच औषधे जनऔषधी केंद्रांत स्वस्त मिळतात.

आणि डॉक्टरांनी जिभेखाली ठेवण्याची गोळी दिली असेल, तर ती कपाटात नव्हे, खिशात असावी. छातीत कळ आली तर बसून ती घ्यावी. पाच मिनिटांत कळ थांबली नाही, तर 'गॅसेस असतील' म्हणून वाट न पाहता 108 वर गाडी बोलवावी.