निर्णय बैठकीच्या आधीच

जपानी कंपनीतल्या बैठकीत आवाज क्वचितच चढतो. जो काही वाद घालायचा तो आधीच घालून झालेला असतो. कधी सहकाऱ्याच्या टेबलाशी उभं राहून, कधी जेवणाच्या सुट्टीत, कधी संध्याकाळी बिअरचा ग्लास समोर ठेवून. प्रस्ताव मांडणारा माणूस बरेच दिवस आधीपासून एकेका विभागात फिरतो. उत्पादनवाल्यांची अडचण काय, हिशेब विभागाला कुठला आकडा खटकतो, हे समजून घेतो आणि त्याप्रमाणे कागद दुरुस्त करतो. या फेऱ्यांना तिथे ‘नेमावाशी’ म्हणतात. त्या पूर्ण झाल्या की सर्वांसमक्ष मान्यता देणं एवढंच काम बैठकीला उरतं.

बाहेरून आलेला पाहुणा नेमका इथेच फसतो. चांगलं सादरीकरण करून भर बैठकीत समोरच्यांना पटवायचं, अशा तयारीने तो येतो. मंडळी लक्ष देऊन ऐकतात, माना डोलावतात, वहीत टिपून घेतात आणि ‘विचार करून कळवतो’ म्हणतात. पाहुणा खूश होऊन हॉटेलवर परततो. पण त्या माना ‘ऐकतोय’ एवढंच सांगत असतात. खोलीतल्या सर्वात ज्येष्ठ माणसालाही बहुतेकदा तिथल्या तिथे होकार देता येत नाही, कारण त्याच्या कंपनीतल्या इतर विभागांना अजून कुणी विचारलेलंच नसतं.

बैठकीचे दिसणारे रिवाज पुष्कळ आहेत आणि पाहुणे तेच आधी पाठ करतात. ठरलेल्या वेळेच्या पाच-दहा मिनिटं आधी पोहोचायचं. दारापासून सर्वात लांबची जागा मानाची, ती पाहुण्यांमधल्या ज्येष्ठाला. यजमानांमधला सर्वात कनिष्ठ दाराजवळ बसतो. टॅक्सीतसुद्धा हा क्रम सुटत नाही: चालकाच्या मागची जागा मानाची, त्याच्या शेजारची कनिष्ठाची. व्हिजिटिंग कार्ड उभं राहून, दोन्ही हातांनी, अक्षरं घेणाऱ्याला सरळ वाचता येतील अशा बाजूने द्यायचं. मिळालेली कार्डं बैठकभर टेबलावर, समोरची माणसं ज्या क्रमाने बसली असतील त्या क्रमाने मांडून ठेवायची. यामुळे कोण कोणत्या पदावर आहे ते लगेच कळतं आणि नाव चुकत नाही. हे सगळं शिकून घ्यावं, त्यात आदर आहे. मात्र परक्या माणसाकडून यात चूक झाली, तर जपानी यजमान ती सहसा पोटात घालतो. आधीच्या फेऱ्या टाळल्या, तर मात्र काम अडतं.

या पद्धतीची कागदी बाजू म्हणजे ‘रिंगी’. प्रस्ताव खालच्या पातळीवर लिहिला जातो आणि एकेका अधिकाऱ्याकडून वर सरकतो. प्रत्येकजण त्यावर आपला लाल शिक्का उमटवतो. काही बँकांमध्ये तर कनिष्ठाने आपला शिक्का साहेबाच्या शिक्क्याकडे किंचित कलता मारण्याचा प्रघात होता, जणू कागदावरच नमस्कार. 2020च्या कोविडकाळात घरून काम करणाऱ्या अनेकांना केवळ शिक्का मारण्यासाठी कार्यालय गाठावं लागलं. त्याच वर्षी प्रशासकीय सुधारणा मंत्री तारो कोनो यांनी सरकारी कामातल्या शिक्क्यांवरच घाव घातला. शिक्का लागणाऱ्या सुमारे 15,000 प्रक्रियांपैकी शंभराहूनही कमी ठिकाणी तो ठेवायचं ठरलं. खासगी कंपन्यांतही कागदाची जागा संगणकाने घ्यायला सुरुवात केली. संमती मात्र अजूनही पायरी-पायरीनेच वर चढते.

एवढा वेळ घालवून मिळतं काय? टोयोटाच्या कामकाजावर 2004 साली पुस्तक लिहिणाऱ्या जेफ्री लायकर यांनी तिथल्या चौदा तत्त्वांत याला जागा दिली आहे: निर्णय सावकाश, सर्वांच्या सहमतीने, अंमलबजावणी झपाट्याने. कारखान्यात हे सहज दिसतं. ज्याने नवं यंत्र चालवायचं त्याच्या शंका आधीच विचारलेल्या असतील, तर ते बसवल्यावर कुणी हात आखडता घेत नाही. कनिष्ठाचं म्हणणं वरपर्यंत लेखी पोहोचतं, ही तर फारच मोलाची गोष्ट आहे.

पण आधीच ठरवून बसण्याची हीच सवय घातकही ठरते. तेव्हा कॅमेरे आणि एंडोस्कोप बनवणाऱ्या ऑलिंपस कंपनीचे ब्रिटिश अध्यक्ष मायकेल वुडफर्ड यांनी 2011 साली कंपन्यांच्या खरेदीत दिल्या गेलेल्या संशयास्पद रकमांबद्दल प्रश्न विचारले. 14 ऑक्टोबर रोजी संचालक मंडळाची बैठक झाली. वुडफर्ड यांना बोलू न देता, काही मिनिटांत, एकमताने त्यांना पदावरून काढण्यात आलं. 1990च्या दशकापासून दडवलेला प्रचंड तोटा नंतर उघड झाला आणि माजी अध्यक्ष त्सुयोशी किकुकावा यांना 2013 साली न्यायालयाने दोषी ठरवलं. त्या खोलीत एकानेही वेगळा हात वर केला असता, तर भागधारकांना सत्य कदाचित आधी कळलं असतं.

महाराष्ट्रातल्या जपानी कंपन्यांतही बैठकीआधीच्या फेऱ्यांची ही पद्धत रोजच्या कामाचा भाग होत चालली आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सुपे इथे जपानी उद्योगांसाठी औद्योगिक क्षेत्र आहे आणि पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठासह अनेक ठिकाणी जपानी भाषा शिकवली जाते. अशा कंपन्यांत दुभाष्याचं काम करणाऱ्या तरुणांना बैठकीतल्या वाक्यांचं भाषांतर करून थांबून चालत नाही. कुठल्या विभागाला मसुदा आधी दाखवायचा, कुणाची शंका अजून शिल्लक आहे आणि ती कुणाच्या कानावर घालायची, हेही त्यांना बैठकीच्या कितीतरी आधी हेरावं लागतं.