चित्रफितीतील क्षीण आवाज सुधारणे शक्य

घरातील बारशाचे चित्रीकरण अनेक वर्षांनी पाहताना चित्र स्पष्ट दिसते, मात्र आजीने म्हटलेला पाळणा जेमतेम ऐकू येतो, असा अनुभव अनेकांना येतो. ती व्यक्ती हयात नसेल, तर तो आवाज पुन्हा मुद्रित करता येत नाही. संगणकाच्या साहाय्याने तो बऱ्याच अंशी सुधारता येतो; परंतु त्यासाठी केवळ पातळी वाढवणे पुरेसे नसते.

आवाज क्षीण होण्याचे प्रमुख कारण म्हणजे अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. कॅमेऱ्यातील झूममुळे चित्र जवळ येते, आवाज नव्हे. त्यामुळे दूरच्या बोलण्यापेक्षा कॅमेऱ्याजवळच्या पंख्याची घरघरच अधिक ठळकपणे मुद्रित होते. सरसकट पातळी वाढवल्यास ही घरघरही तितकीच वाढते.

सुधारणेपूर्वी मूळ फाइलची प्रत सुरक्षित ठेवणे आवश्यक आहे. त्यानंतर चित्रफितीतील ध्वनी वेगळा काढून तो ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत उघडता येतो. कोणीही बोलत नसलेला एखाद-दुसऱ्या सेकंदाचा भाग नमुना म्हणून निवडल्यास, त्याआधारे ही प्रणाली संपूर्ण ध्वनिमुद्रणातील घरघर कमी करते. हा उपाय मात्र बेतानेच करावा लागतो. अतिरेक झाल्यास आवाज पाण्याखालून आल्यासारखा भासतो.

पुढील टप्पा पातळी वाढवण्याचा. ‘नॉर्मलाइज’ या सुविधेमुळे सर्वांत मोठा ध्वनी ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचतो आणि उर्वरित ध्वनीही त्याच प्रमाणात वाढतो. तथापि, कॅमेऱ्याजवळ कोणी टाळी वाजवली असेल, तर ती टाळीच मर्यादा गाठते आणि पाळणा क्षीणच राहतो. अशा वेळी ‘कॉम्प्रेसर’ उपयोगी पडतो. तो मोठे ध्वनी दाबतो, त्यामुळे लहान ध्वनी वर आणण्यास वाव मिळतो. डिजिटल ध्वनीची कमाल मर्यादा शून्य डेसिबल असते. ती ओलांडल्यास ध्वनिलहरींची टोके कापली जाऊन आवाज फाटतो. म्हणून सर्वोच्च पातळी उणे १ डेसिबलच्या आसपास ठेवणे हितावह ठरते.

सुधारलेला ध्वनी चित्राला पुन्हा जोडल्यावर ओठांची हालचाल आणि शब्द जुळतात की नाही, हे आरंभी व अखेरीस तपासावे.

घरघरीत पूर्णपणे बुडालेले शब्द मात्र या उपायांनी परत मिळण्याची आशा फारच कमी असते. म्हणूनच, पुढील समारंभात बोलणाऱ्या व्यक्तीजवळ एखादा मोबाइल ध्वनिमुद्रणासाठी ठेवावा आणि आरंभी एकदा टाळी वाजवावी. त्या टाळीच्या आधारे दोन्ही मुद्रणे नंतर सहज जुळवता येतात.