‘नीके’ : जय आणणे आणि जय धरणे

गिरणीच्या फाटकावर आम्ही ‘विजय असो’ म्हणून गर्जतो. ग्रीकांचा विजयाला शब्द ‘नीके’. लढाईतला, शर्यतीतला, कज्जातलाही जय म्हणजे नीके. पंख असलेली देवताही तीच. वायव्येच्या यवनराजा अंतियाल्किदासाच्या रुप्याच्या नाण्यांवर झ्यूसदेवाच्या हातावर ही नीके उभी, आणि तिच्या माळेकडे हत्तीची सोंड वळलेली! एका अंगाला ग्रीक बिरुद ‘नीकेफोरोस’, म्हणजे जय वाहून आणणारा. दुसऱ्या अंगाला खरोष्ठीत त्याचेच प्राकृत ‘जयधर’. आणणाऱ्याचा धरणारा करणाऱ्या त्या टांकसाळीतल्या अनाम दुभाष्याला आमचा रामराम. हा फरक परळ-लालबागला पुरता ठाऊक आहे. १९२८ चा सहा महिन्यांचा संप कामगारांनी झुंजवला, गिरणी कामगार युनियन फोफावली; १९२९ चा संप फसला आणि तिचे बळ ओसरले.